चॅनेल पाच, अ‍ॅप चार : केबलवर चालत नाही ती मक्तेदारी मोबाइलवर कशी चालते?

नव्या मराठी वेबसिरीजचा ट्रेलर फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर पडला की खालच्या कमेंट जवळपास ठरलेल्या असतात. पहिली असते, ‘भारी’. दुसरी, ‘कधी येतेय?’ आणि तिसरी, आपल्या वऱ्हाडातली हमखास, ‘भाऊ, कुठं पाहाले भेटते?’ कोणीतरी अ‍ॅपचं नाव सांगतं. मग चौथी कमेंट येते, ‘अजून एक अ‍ॅप? टेलिग्रामची लिंक टाका कोणीतरी.’

या चौथ्या कमेंटमध्ये फुकटेपणा आहे असं म्हणून विषय संपवता येतो. पण तो तेवढ्यावर संपत नाही. ज्या घरात महिन्याच्या महिन्याला केबलचं बिल भरलं जातं, तीन-तीन मोबाइलचे रिचार्ज मारले जातात, त्या घरातला माणूस एका मालिकेसाठी आणखी पैसे द्यायला का वैतागतो, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण या वैतागामागे किंमत आहेच, पण त्याहून मोठा भाग नियमांचा आहे.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या

बुलढाणा जिल्ह्याची ओळख सांगताना दोन नावं सगळ्यात आधी येतात. सिंदखेडराजा, म्हणजे जिजाऊंचं माहेर. आणि शेगाव, म्हणजे गजानन महाराज. या दोन्ही विषयांवर अलीकडच्या काळात मराठीत दैनंदिन मालिका आल्या. ‘स्वराज्यजननी जिजामाता’ २०१९ मध्ये सोनी मराठीवर सुरू झाली. ‘संत गजानन शेगावीचे’ ही मालिका ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या सन मराठी वाहिनीवर आली.

टीव्हीवर बघणाऱ्यासाठी हा फरक फक्त रिमोटवरच्या नंबरचा होता. मोबाइलवर मात्र सोनी मराठीचं घर आहे सोनी लिव्ह आणि सन मराठीचं घर आहे सन नेक्स्ट. सिंदखेडराजा आणि शेगाव एकाच जिल्ह्यात, पण त्यांच्या मालिकांच्या वाहिन्या दोन वेगळ्या अ‍ॅपांच्या दारात.

पूर्ण चित्र बघायचं तर मनोरंजनाच्या पाच मोठ्या मराठी वाहिन्या घ्या. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठी सोनी लिव्हवर. सन मराठी सन नेक्स्टवर. चॅनेल पाच, अ‍ॅप चार. यात नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ अजून धरलेलेच नाहीत, आणि प्लॅनेट मराठी किंवा अल्ट्रा झकास यांसारखी खास मराठीसाठी निघालेली अ‍ॅप्सही नाहीत.

याच पाचही वाहिन्या चिखलीच्या किंवा मेहकरच्या केबलवाल्याकडे एकाच वायरीतून घेता येतात. डीटीएच असेल तर एकाच छत्रीतून. हे असं का?

केबलवर मक्तेदारी का चालत नाही?

याचं उत्तर आहे २००४ सालच्या एका नियमात.

त्या काळी भारतात डीटीएच नुकतं येत होतं. झी समूहाशी नातं असलेली डिश टीव्ही २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यावर स्टारची चॅनेल नव्हती. म्हणजे आज अ‍ॅपच्या बाबतीत जे होतंय, तेच तेव्हा छत्रीच्या बाबतीत होऊ घातलं होतं. झी बघायचं तर ही छत्री, स्टार बघायचं तर ती छत्री.

डिसेंबर २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम काढला. कोणत्याही चॅनेलवाल्याने एकाच केबल किंवा डीटीएच कंपनीशी असा करार करायचा नाही की ज्यामुळे दुसऱ्या कंपनीला ते चॅनेल मिळणार नाही. जो मागेल त्याला चॅनेल द्यायचं, आणि भेदभाव न करता द्यायचं. इंग्रजीत याला ‘मस्ट प्रोव्हाइड’ म्हणतात, साध्या भाषेत ‘मागेल त्याला दिलंच पाहिजे’. चॅनेल मिळवण्यासाठी डिश टीव्हीला दूरसंचार न्यायाधिकरणात जावं लागलं, तेव्हा हाच नियम तिच्या कामाला आला. २०१७ च्या नव्या नियमावलीतही हे तत्त्व कायम राहिलं.

म्हणून आज तुम्ही टाटा प्ले घ्या, एअरटेल घ्या किंवा गावातला केबलवाला घ्या, कोणत्याही एका कंपनीने झी मराठी अडवून ठेवलेलं दिसत नाही.

पुढे फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरव्यवस्था लागू झाली. प्रत्येक पे चॅनेलची किंमत जाहीर करायची, आणि ग्राहकाला हवं ते चॅनेल सुटं घेता आलं पाहिजे. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल पॅकेजमध्ये घुसवता येणार नाही, अशीही मर्यादा घातली. या व्यवस्थेने केबल स्वस्त झालं असं म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये बिल वाढल्याची ओरड बऱ्याच घरांतून झाली होती. पण कोणत्या चॅनेलचे किती पैसे जातात हे कळू लागलं, आणि नको ते काढून टाकायची सोय झाली.

आता अ‍ॅपकडे बघा. एकच मालिका बघायची असली तरी अख्खं अ‍ॅप घ्यावं लागतं. किंमत किती ठेवायची हे कंपनी ठरवते. आणि मालिका दुसऱ्या अ‍ॅपला द्यायचं बंधन कुणावरच नाही.

मग अ‍ॅपला हा नियम का नाही?

कायद्याच्या नजरेत अ‍ॅप म्हणजे केबल नव्हे, म्हणून. ट्रायचा अधिकार केबल, डीटीएच आणि चॅनेलांवर चालतो. ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून थेट दाखवणाऱ्या अ‍ॅपांवर, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे फेब्रुवारी २०२१ चे नियम लागू होतात. त्या नियमांत वयोगटानुसार वर्गीकरण आहे, तक्रार अधिकारी नेमायची सक्ती आहे, तक्रारीचा निकाल १५ दिवसांत द्यायचा आहे. पण हे सगळं काय दाखवलं जातं याबद्दल आहे. किती पैशांत दाखवलं जातं आणि कुणालाच का दाखवलं जात नाही, याबद्दल तिथे काही नाही.

२०२३ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला होता. क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने हॉटस्टारने मोबाइलवर फुकट ठेवले. केबलच्या ग्राहकाला मात्र स्टार स्पोर्ट्ससाठी पैसे मोजावे लागत होते. केबल कंपन्यांच्या संघटनेने न्यायाधिकरणात धाव घेतली. न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्राथमिक मत दिलं की ओटीटी हे टीव्ही चॅनेल नाही आणि ते ट्रायच्या कक्षेत येत नाही.

त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आणला. त्यात ओटीटीला प्रसारणाच्या कायद्याखाली आणायचा विचार होता. पण वाद मुख्यतः सरकार मजकुरावर नियंत्रण आणेल का, यूट्यूबर लोकांना त्यात ओढेल का, यावर झाला, आणि तो रास्तही होता. ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मसुदा मागे घेतला गेला. या गदारोळात प्रेक्षकाच्या खिशाचा प्रश्न कुठल्या कुठे गेला.

कंपन्या असं का करतात?

सरळ कारण आहे. अ‍ॅप डाउनलोड करून घ्यायचं तर दुसरीकडे मिळत नाही असं काहीतरी हातात लागतं.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे आयपीएल. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे भारतातले टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना घेतले आणि डिजिटल हक्क व्हायकॉम १८ ने २३,७५८ कोटींना. म्हणजे मोबाइलवर दाखवायचे हक्क टीव्हीपेक्षा महाग गेले. २०२३ मध्ये जिओसिनेमावर आयपीएल फुकट दाखवलं, लोकांना सवय लागली. पुढे जिओहॉटस्टार झाल्यावर ‘पूर्ण बघायचं तर पैसे भरा’ सुरू झालं.

मालिकांच्या बाबतीत हीच वाट आधी चाललेली आहे. २०१९ मध्ये हॉटस्टारने वर्षाला ३६५ रुपयांचा प्लॅन आणला. रोजचा एक रुपया. आमिष काय, तर स्टारच्या मालिकांचा भाग टीव्हीवर यायच्या आधी बघा. २०२० मध्ये झी फाइव्हनेही ३६५ रुपयांचाच प्लॅन आणला, आमिष तेच. हॉटस्टारचा तो प्लॅन २०२० मध्ये ३९९ चा झाला. सप्टेंबर २०२१ पासून तो गेला आणि सगळ्यात स्वस्त प्लॅन ४९९ चा आला, तोही फक्त मोबाइलवर चालणारा. घरच्या टीव्हीवर लावायचं तर ८९९. अडीच वर्षांत रोजचा एक रुपया कुठे गेला ते बघा.

प्राइम व्हिडिओने वेगळी युक्ती केली. वर्षाचे १,४९९ रुपये भरलेल्या ग्राहकालाही जून २०२५ पासून जाहिराती दिसू लागल्या. जाहिराती नकोत तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे.

खरा वैताग : मालिका तीच, अ‍ॅप बदललं

किमतीपेक्षा जास्त डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे सतत बदलणारं घर.

‘बिग बॉस मराठी’ घ्या. २०१८ मध्ये पहिला सिझन आला, तेव्हा मोबाइलवर बघायला वूट होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये वूट जिओसिनेमात विलीन झालं. २०२४ चा सिझन, म्हणजे रितेश देशमुखने सूत्रसंचालन केलेला आणि सूरज चव्हाणने जिंकलेला, जिओसिनेमावर होता. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. कार्यक्रम तोच, वाहिनी तीच, अ‍ॅप तीन.

इंग्रजी बघणाऱ्यांनी हेच ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मध्ये अनुभवलं. पहिला सिझन २०२२ मध्ये हॉटस्टारवर, दुसरा २०२४ मध्ये जिओसिनेमावर. ज्याने पहिल्यासाठी वर्षाचे पैसे भरले, त्याच्या हातात दुसऱ्या वेळी ते अ‍ॅप होतं पण मालिका नव्हती.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. अ‍ॅपला पैसे भरले म्हणजे मालिका विकत घेतली असं होत नाही. कंपनीकडे हक्क असेपर्यंत आत शिरायची परवानगी तेवढी तुम्ही घेता.

कंपन्या एक झाल्या तर बरं की वाईट?

दोन्ही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आज एका अ‍ॅपवर मिळतात, ते रिलायन्स आणि डिस्ने यांचा व्यवसाय एक झाल्यामुळे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये काही अटींवर मंजुरी दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ७०,३५२ कोटी रुपये मूल्याची नवी कंपनी उभी राहिली. प्रेक्षकाचं एक अ‍ॅप वाचलं. पण मालिका, आयपीएल, इंग्रजी मालिका असं सगळं एकाच दुकानात गेल्यावर तो दुकानदार भाव वाढवू लागला तर शेजारी जायला दुसरं दुकान राहत नाही.

झी आणि सोनीचंही असंच जुळत होतं. ते जानेवारी २०२४ मध्ये फिसकटलं, म्हणून झी फाइव्ह आणि सोनी लिव्ह आजही वेगळे आहेत.

खेड्यातल्या प्रेक्षकाचा हिशोब वेगळा का?

पुण्या-मुंबईत घरी वायफाय असतं, त्यामुळे अ‍ॅपचे पैसे म्हणजेच बघायचा खर्च. मोताळा किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या गावात बरेच जण मोबाइलच्या डेटावरच बघतात. तिथे आधी रिचार्ज लागतो, मग अ‍ॅप.

जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. तेरा गुणिले २९९, म्हणजे ३,८८७ रुपये. हे एका मोबाइलचे. त्यावर चार अ‍ॅपांचं वेगवेगळं वर्गणीचं ओझं. आणि डेटा किती पुरतो? नेटफ्लिक्सच्याच माहितीप्रमाणे मध्यम दर्जाचं चित्र तासाला सुमारे ०.७ जीबी खातं, एचडी असेल तर तासाला ३ जीबीपर्यंत. दीड जीबीत साधारण दोन तास, तेही दिवसभर रील्स बघितली नाहीत तर.

त्यात सोयाबीन-कपाशीवर चालणाऱ्या घरात पैसा हंगामाला येतो. कंपन्यांचा भर मात्र दर महिन्याला आपोआप कापून घेण्यावर.

दुसरी बाजूही आहे

आता एक मान्य करायला हवं. एकाच अ‍ॅपवर दाखवायच्या अटीमुळेच काही चांगल्या गोष्टी मराठीत तयार झाल्या.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतचं सत्तरच्या दशकातलं हत्याकांड आपल्याकडच्या जुन्या माणसांना आजही आठवतं. त्यावर ‘मानवत मर्डर्स’ ही सिरीज ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर अशी मंडळी त्यात आहेत. रोज रात्री साडेआठला घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायच्या मालिकांच्या गर्दीत हा विषय कुणी घेतला असता असं वाटत नाही. पैसे घालणाऱ्याला काही काळ एकट्याला दाखवायचा हक्क हवा, हे त्याचं म्हणणं चूक नाही.

पण दुसरा रस्ताही मराठीनेच दाखवलाय. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, स्वप्नील जोशीची ‘समांतर’ मार्च २०२० मध्ये एमएक्स प्लेयरवर आली. जाहिराती बघा, सिरीज फुकट. ती इतकी चालली की २०२१ मध्ये दुसरा भाग आला. आणि ज्याला अख्खं अ‍ॅप नको त्याच्यासाठी तिसरा रस्ताही वापरून झालाय. प्लॅनेट मराठीने जून २०२१ मध्ये ‘जून’ हा सिनेमा तिकीट काढल्यासारखा एकट्याचे पैसे घेऊन दाखवला होता.

म्हणजे सरसकट ‘सगळं सगळ्यांना द्या’ असा नियम लावला तर नवीन काही बनवायला पैसे कोण घालणार, हा प्रश्न उरतो. पण टीव्ही वाहिनीवर रोज दिसणारी मालिका आणि अ‍ॅपने स्वतःच्या पैशांनी बनवलेली सिरीज यांत फरक करता येतो. वाहिनीच्या मालिकेचा खर्च जाहिरातींतून आणि केबलच्या वर्गणीतून निघत असतो. तिचे जुने भाग कायमचे एकाच अ‍ॅपमध्ये कुलूपबंद ठेवायला तेवढं सबळ कारण नाही. सिरीजला सुरुवातीचं एखादं वर्ष एकट्याने दाखवायचा हक्क, नंतर ती सुटी भाड्याने मिळावी, आणि वर्षाची वर्गणी भरलेल्या ग्राहकाची मालिका मधेच गेली तर त्याला भरपाई मिळावी. एवढं झालं तरी निम्मा वैताग कमी होईल. खेळाच्या बाबतीत आपण असं केलेलं आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं.

तोवर आपण काय करायचं?

एक, सगळी अ‍ॅप्स वर्षभर ठेवायची गरज नाही. बघायच्या सिरीज साठू द्या, एका महिन्याचा प्लॅन घ्या, बघून संपवा आणि बंद करा. पुढच्या महिन्यात दुसरं अ‍ॅप. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण तो रोज बघणाऱ्यालाच परवडतो.

दोन, रिचार्ज मारण्याआधी त्यासोबत कोणतं अ‍ॅप मिळतंय ते बघा. मात्र ते टीव्हीवर चालतं की फक्त मोबाइलवर, हे नीट वाचा.

तीन, ऑटोपे तपासा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ या नावाखाली सगळी यादी दिसते, तिथूनच ते रद्द करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना यायला हवी.

चार, वर्गणी घेणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवलं असेल तर ती नियमबाह्य गोष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांवर बंदी घातली, त्यात हा वर्गणीचा सापळाही आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पाच, फुकट आणि कायदेशीर काय आहे तेही बघा. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं अ‍ॅप काढलंय, त्यावर दूरदर्शनचा जुना खजिना आहे.

आणि टेलिग्रामची लिंक? बेकायदा प्रत बनवणं आणि पसरवणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. शिवाय मराठी सिरीजचा प्रेक्षक आधीच कमी. तो लिंकवर गेला की अ‍ॅपवाल्याच्या आकड्यात दिसत नाही, आणि पुढची सिरीज हिंदीत बनते.

त्यामुळे कमेंट टाकायचीच असेल तर लिंक मागण्यापेक्षा ‘ही एकटी किती रुपयांत मिळेल?’ असं विचारा. वीस वर्षांपूर्वी छत्रीच्या बाबतीत असाच प्रश्न उभा राहिला, आणि त्यातून नियम झाला. अ‍ॅपच्या बाबतीत तो अजून पुरेशा लोकांनी विचारलेला नाही.